लोहार अजून वाचतोय

गावात कुणालाही विचारा, ग्रंथपालबाईंचं ठरलेलं वाक्य एकच: "हात धुतलेत का?" ग्रंथालयाच्या दाराशी बादली, तांब्या आणि साबणाची वडी. लहान असो की मोठा, हात धुतल्याशिवाय कपाटाला शिवायचं नाही. घरोघर फिरून मागून आणलेली पुस्तकं ती. बाई त्यांना लेकरांसारखं जपायच्या.

या नियमाने हात टेकले ते एकट्या लोहारापुढे. त्याला उतारवयात अक्षरओळख बाईंनीच करून दिली होती. दुपारी भट्टीवरून उठून तो यायचा, खिडकीपाशी स्टुलावर बसायचा आणि ओठ हलवत वाचायचा. हात धुवायचा, पण जन्मभराचा कोळसा साबणाला कुठला दाद देतो? उलटलेल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटायचा.

"लोहारदादा, पुस्तकाची पार भट्टी केलीत."

"असू द्या बाई. कुठवर आलो ते कळतं."

एका नावाड्याची जाडजूड कादंबरी त्याने वाचायला घेतली होती. ती अर्ध्यावर आली आणि लोहार गेला. छातीत कळ आली, पाणी मागितलं, ते ओठांपर्यंत पोचलंही नाही. बाईंनी ठशाचं शेवटचं पान उघडून पाहिलं. नावाडी पुराकडे बघत काठावर उभा होता. ठसा पुसायला त्यांचा हात धजावला नाही.

पुढे एका दुपारी शिंपीणबाईंनी तेच पुस्तक मागितलं. दोघींनी मिळून ते उघडलं. नावाडी पुरात शिरला होता, आणि त्या पानावरही ठसा होता. ताजा, बोटाला काळा लागणारा.

शिंपीणबाई पुस्तक न घेताच गेल्या. दिवेलागणीपर्यंत गावभर झालं: लोहार अजून वाचतोय.

बाईंचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरीही स्टुलाकडे पाठ करून बसणं त्यांनी सोडलं. समोरच्या बंद भट्टीतून भात्याचा सुस्कारा आल्यासारखा वाटायचा आणि वाचता वाचता त्यांची ओळ हरवायची. बादलीतलं पाणी आता संध्याकाळीही काठोकाठ असायचं. आया पोरांना दारातूनच माघारी न्यायच्या.

गावप्रमुख आले ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "बाई, कुणी येणारच नसेल तर ही खोली बियाण्याच्या पोत्यांना देऊ. पोती काही घाबरत नाहीत."

"थोडे दिवस द्या."

"दिले. पण त्याला तेवढं जायला सांगा."

दुसऱ्या दिवशी बाई नेहमीपेक्षा लवकर आल्या. आत लोहाराची बायको केर काढत होती. नवरा गेल्यावर बाईंनीच तिला हे काम दिलं होतं. तिने झाडू भिंतीला टेकवला, ती कादंबरी काढली, पदराच्या गाठीतून कोळशाचा तुकडा सोडला, अंगठ्यावर घासला आणि पानावर टेकवला. मग हलकेच फुंकर घातली.

"काकू, हे काय?"

काकू दचकल्या नाहीत. "रोजचं एक पान. अर्ध्यावर सोडून गेले ना. मला वाचता येत नाही, पण कागदाचं काम अंगठा लावला की पुरं होतं, एवढं ठाऊक आहे. शेवटपर्यंत लावले की सुटतील."

"सुटतील म्हणजे?"

"भाता अजून श्वास घेतो, बाई. तुम्हाला नाही ऐकू येत?"

बाईंनी गावात एक शब्द टाकला असता तर संध्याकाळपर्यंत ग्रंथालय भरलं असतं, आणि काकूंना तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"बसा," त्या म्हणाल्या. "नुसत्या अंगठ्याने नाही व्हायचं. त्यांचं राहिलेलं मी वाचते."

काकू स्टुलाशेजारी जमिनीवर बसल्या. स्टूल रिकामंच राहिलं. बाई मोठ्याने वाचू लागल्या. काकू मध्येच विचारायच्या, "मग होडी फुटली का हो?"

दुपारी शिंपीणबाई खिडकीशी थबकल्या. "कुणाला वाचून दाखवताय?"

"लोहारदादांचं राहिलं होतं, ते वाचतेय."

शिंपीणबाईंनी स्टुलाकडे पाहिलं. त्यांचा पाय निघेना. "मरूनसुद्धा सोडवेना, असं आहे तरी काय त्यात?" असं म्हणत त्या पायरीवर टेकल्या.

दुसऱ्या दिवशी पायरी भरली. नंतर माणसं आत सरकली, भिंतीला चिकटून, स्टुलापासून हातभर लांब. जाताना कुणी कुणी पुस्तकंही नेऊ लागलं. गावप्रमुखही एकदा खिडकीत आले. "काल मी नव्हतो. नावाडी पोचला का पलीकडे?"

"हात धुऊन आत या, सांगते."

पोत्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

कादंबरी संपली त्या दिवशी लोक हळूहळू उठून गेले. दोघीच उरल्या. मागच्या सगळ्या पानांवर ठसे लावून झाले होते. शेवटचं पान तेवढं कोरं होतं. काकूंनी कोळसा पुढे केला.

"हा तुम्ही लावा. अक्षर तुम्ही दाखवलंत त्यांना."

बाईंनी दाराशी असलेल्या बादलीकडे एकदा पाहिलं. मग अंगठा कोळशावर घासला आणि पानावर टेकवला. समोरच्या बंद भट्टीतून भात्याचा एक लांब श्वास आला. दोघींनी तो ऐकला. तो पुरता विरेपर्यंत बाईंनी अंगठा उचलला नाही.