हमरियातली बंद खिडकी

माझा मुलगा इक्बाल नऊ वर्षं मस्कतला शिलाईच्या दुकानात आहे. "अब्बा, एकदा येऊन जा," दर ईदला म्हणायचा आणि मी कारणं काढायचो. शेवटी २०१४ साली निघालो. चोरीच्या भीतीने पासपोर्ट बनियनच्या खिशात ठेवून खिसा शिवून टाकला. विमानतळावरच्या साहेबासमोर टाके उसवावे लागले.

मस्कतला टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवा, मीटर नसतो. इक्बाल राहतो ती हमरिया ही मस्कतच्या रुवी भागाजवळची दाटीची जुनी वस्ती. आपली माणसं इतकी, की भाजीवाल्याशी गावच्या बोलीत बोललो तरी चाललं. इक्बालच्या खोलीत पाच जण, सगळे रत्नागिरी-रायगडचे. खिडकी एकच, तीही एसीमुळे कायम बंद. दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात. तेव्हा सगळे एका मोठ्या थाळ्याभोवती बसून जेवत. स्वयंपाक मुनाफचा. चाळिशीचा, श्रीवर्धनकडचा. सुरमईचं कालवण अप्रतिम करायचा.

दुसऱ्या दिवशी तो न्हाणीत नळ सोडून खोकत होता. तो खोकला मी ओळखला. इक्बाल लहान असताना मला टीबी झाला होता. मीही आवाज बाहेर जाऊ नये म्हणून असंच पाणी सोडून खोकायचो आणि गावाला न्यूमोनिया सांगितला होता.

मी उठून खिडकी उघडली.

"चाचा, बाहेर भट्टी आहे, आत कशाला आणता?" सगळे हसले. कुणीतरी ती पुन्हा लावली.

शुक्रवारी सुट्टी. मुनाफ मला मत्र्याच्या बंदरावर घेऊन गेला. मासळीबाजार आणि समुद्राकाठचा रस्ता सकाळी लवकर बघावा, नंतर ऊन सोसत नाही. एका बाकावर बसल्यावर मी विचारलं, "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"खोकल्याला."

"धूळ आहे चाचा इथे."

"वजन का उतरलंय मग?"

तो बोटींकडे बघत म्हणाला, "पुढच्या महिन्यात माझं इथे राहण्याचं कार्ड नवं करायचंय. मेडिकलला छातीचा फोटो काढतात. डाग दिसला की खलास, घरी पाठवतात. आणि तुमचं काय जातंय?"

"माझा मुलगा तुझ्या शेजारी झोपतो, मुनाफ."

मला राहवेना. संध्याकाळी इक्बालला सांगितलं आणि त्याच्याकडून ते खोलीभर झालं.

दुसऱ्या दुपारी मुनाफचा भात दाराशी वेगळ्या ताटलीत वाढलेला होता. तो मान खाली घालून बसला होता. बाकीचे थाळ्याभोवती, आणि खिडकी घट्ट बंद!

"अरे, ताट वेगळं करून काय होणार?" मी म्हटलं. "टीबी हवेतून लागतो. मला झाला होता. आठ महिने गोळ्या खाल्ल्या मी."

इक्बालचा घास हातातच राहिला. "अब्बा? मला कधी सांगितलं नाहीत?"

"लाज वाटायची."

मी खिडकी सताड उघडली आणि मुनाफच्या ताटलीत हात घातला. भीती वाटत नव्हती असं नाही.

"खा, चाचा," तो हळूच म्हणाला, "गाव तर गोळा केलंतच."

इक्बालने त्याला डॉक्टरकडे नेलं. टीबीच निघाला. मग खोलीतल्या सगळ्यांची तपासणी झाली, माझीही. रिपोर्टची वाट बघत चार दिवस काढले. निझव्याचा किल्ला बघायचा राहिला. हलवा घेतला, पण चव आठवत नाही. इक्बालचा फोटो स्वच्छ आला तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर बसून रडलो. बाकीच्यांचेही चांगले आले. मुनाफला काही दिवस दवाखान्यात ठेवलं आणि नंतर गावी पाठवलं. त्याची नोकरी गेली.

तुम्ही मुलांकडे जाल तर मत्रा जरूर बघा. पण त्यांच्या खोलीची खिडकी उघडते का, तेही बघा. आणि कुणी नळ सोडून खोकत असेल तर गप्प राहू नका. हे लिहितोय खरं, पण मन अजून खातं.

दोन महिन्यांनी मुनाफचा फोन आला. थुंकी आता साफ आहे, सरकारी दवाखान्यातून गोळ्या फुकट मिळतात, म्हणाला.

"चाचा, चांगलं केलंत की वाईट, ते मला विचारू नका. गोळ्या चुकवत नाही, एवढंच सांगतो."

मी विचारलं नाही. फक्त म्हटलं, गोळ्या पूर्ण कर.