कडेवरची

मल्लव्वा आमच्या दारातून कधी सरळ आत आली नाही. डोक्यावर कडक भाकऱ्यांची बुट्टी उजव्या हाताने धरलेली असायची. दारापाशी आली की आधी उजवा खांदा आत, मग डावी बाजू जपत, सावकाश बाकीची बाई. डावी कंबर बाहेर काढलेली आणि डाव्या हाताचा तळवा वर, खालून आधार दिल्यासारखा. पहिल्यांदा ती आली तेव्हा मी शाळेच्या गडबडीत होते. नीट न बघताच म्हणाले, "अगं जपून, चौकट लागेल त्याला."

"तिला," ती म्हणाली. "पोरगी हाय."

मग मी पाहिलं. तिच्या कडेवर काहीच नव्हतं.

मल्लव्वा मूळची मैंदर्गीची. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायची. आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकटी राहायची आणि भाकऱ्या थापून घरोघर पोचवायची. तिची भाकरी पापडासारखी कडक, महिनाभर ठेवा, काही होत नसे. वेडी म्हणावी तर व्यवहाराला चोख होती. शिळी चटणी कुणी दिली तर "कुत्र्याला घाला की" असं तोंडावर सांगायची. फक्त ते एक सोडून. रिक्षात बसली की डावीकडे जागा सोडून बसायची. कुणी तिथे टेकायला गेलं की म्हणायची, "सरकून बसा, पाय लागतोय तिचा." लोक गुपचूप सरकायचे, उगाच कशाला म्हणून. माझी रेवा तेव्हा नुकती चालायला लागली होती. ती मल्लव्वाजवळ जायची आणि आपलं बिस्कीट वर धरायची. मल्लव्वाच्या तोंडाकडे नाही, कंबरेकडे. पुढे मी मल्लव्वा आली की रेवाला आत न्यायला लागले. खोटं कशाला सांगू, भीती वाटायची.

एकदा शेंगा निवडताना तिने स्वतःच सांगितलं. पोरीला ताप होता. कडेवर घेऊन ती अक्कलकोटच्या दवाखान्याकडे चालत निघाली. वाटेत पोर शांत झाली, तिला वाटलं झोप लागली. दवाखान्यात म्हणाले, खाली ठेव. "म्या ठेवलं न्हाय. मग मालकानं हातातनं वढून नेली," ती म्हणाली, आणि सुपातला खडा बाजूला टाकला. "हातातनं नेली, बाई. कडेवरची न्हाय नेली."

मी शेंगांची पुढची मूठ तिच्या सुपात टाकली.

अनेक वर्षं अशीच गेली. मग एका सकाळी आमच्या ओट्यावर बुट्टी उतरवताना ती जागच्या जागी थिजली. ना पडली, ना पाय घसरला. डाव्या जांघेत हात दाबून उभी राहिली आणि तिच्या कपाळावर घाम फुटला. "यव्वा, आत कायतरी तुटलं," एवढंच म्हणाली. पाऊल टाकायला गेली तर पाय भार घेईना. कळ जांघेतून थेट गुडघ्यापर्यंत जात होती.

गल्लीत वैद्यांना काय तोटा! कुणी म्हणालं चमक आहे, कुणी म्हणालं वाळूचा शेक द्या, कुणी तर पाय ओढणाऱ्या माणसाला आणायला निघालंही. मल्लव्वाच सगळ्यांवर खेकसली, "दुखनं आत हाय, वरनं चोळून काय हुतंय?" मी रिक्षा बोलावली आणि शेजारणीने नि मी धरून तिला उचलून आत ठेवलं. डावीकडची जागा अर्थात रिकामी सोडली.

डॉक्टर तरुण होते, शांत बोलायचे. आधी साधा फोटो काढला, मग मोठा स्कॅन. खुब्याच्या चेंडूखाली हाडाची जी मान असते, तिला बारीक चीर गेली होती. उतारवयात हाडं पोकळ होतात, न पडताही असं होतं, ते म्हणाले. आता स्क्रू घातले तर जुळून येईल. पण या पायावर एक पाऊल जरी टाकलं तरी हाड सरकू शकतं. सरकलं तर चेंडूचा रक्तपुरवठा तुटेल, आणि मग उरलेलं आयुष्य खाटेवरच जाईल.

मग स्कॅनकडे परत बघत त्यांनी मला विचारलं, "नातवंड आहे का यांना? सतत डाव्या कडेवर घेतात का?"

"का हो?"

"हाडावर एका बाजूने बरीच वर्षं ओझं पडल्यासारखं दिसतंय."

मी म्हणाले, भाकऱ्या विकते, बुट्टी डोक्यावर असते. ते "हं" म्हणाले.

मल्लव्वाने सगळं नीट ऐकून घेतलं. स्क्रूला हो, भुलीला हो, अंगठ्यालाही हो. नर्स तिला न्यायला आली तेव्हा मात्र तिने विचारलं, "आन् हिला कुटं ठेवू?"

नर्सला वाटलं पिशवीबद्दल विचारतेय. "ठेवा की खाली," ती म्हणाली.

झालं. मल्लव्वाचा चेहराच बदलला. "खाली न्हाय ठेवनार. मला घरी जायचंय," म्हणत तिने उजवा पाय खाटेखाली सोडला, आणि डावा सोडायला हाताने उचलू लागली. डॉक्टर धावले. मी समजावलं, रागावले, वर्गात ओरडते तशी ओरडलेसुद्धा. ती ऐकेना. तो पाय फरशीला टेकला असता तर संपलंच होतं. मग आपल्याकडे बायका काय करतात तेच मी केलं. झोपलेलं मूल कुणी जमिनीवर ठेवत नाही, एका कडेवरून दुसरीच्या कडेवर देतात. मी पुढे झाले आणि म्हणाले, "दे इकडे. मी घेते."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पदर खोच," म्हणाली. एरवी मला 'तुमी' म्हणायची. मी पदर खोचला, डावी कंबर बाहेर काढली. दोन्ही हातांनी, मान सावरत, तिने दिली. "झोपलीय. हलवू नको. उठली की लई रडती."

वजन होतं असं मी म्हणणार नाही. पण ऑपरेशन चालू असताना मी व्हरांड्यात बसले, चहा आला, आणि तो मी एका हाताने प्यायले. दुसरा हात मोकळा नव्हता. कुणीतरी शेजारी बसायला आलं तेव्हा मीच म्हणाले, सरकून बसा.

ऑपरेशन उत्तम झालं. वॉकर आला, मग काठी, मग काठीही गेली. बुट्टी पुन्हा डोक्यावर आली. आणि पहिल्यांदाच मल्लव्वा आमच्या दारातून सरळ आत आली, दोन्ही खांदे एकदम. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. पण माझा जीव टांगणीलाच होता. ती परत कधी मागते याची मी वाट पाहत होते. शेवटी मीच विचारलं, "मल्लव्वा, तुझी पोरगी?"

"ऱ्हाऊ दे. लागलीय की तुझ्याकडं झोप," ती म्हणाली आणि भाकऱ्या मोजून देऊन निघून गेली. तिची पाठ केवढी हलकी दिसत होती!

मल्लव्वा गेल्या वर्षी वारली. पायाने नाही, छातीने. आदल्या दुपारी मी तिच्या खोलीवर गेले होते. खाटेशेजारी डावी बाजू करून मुद्दाम वाकले, म्हटलं, आता तरी घेईल. तिने हात उचलला, माझ्या कंबरेच्या वरच, हवेत, थोडा वेळ थोपटल्यासारखा हलवला. मग हसली. "न्हाय येत माज्याकडं. आता तुला वळखती की."

हल्ली माझी डावी जांघ दुखते. मी चोळत बसले नाही, लगेच जाऊन फोटो काढला. हाड अजून शाबूत आहे. डॉक्टर तेच, आता कानशिलांवर पांढरे झालेले. म्हणाले, "बाई, तुम्ही उभ्या राहता एका बाजूला कलून. सवय मोडा. दोन्ही पायांवर सारखा भार द्या, नाहीतर त्या आजींसारखं होईल."

घरी येऊन मी आरशासमोर उभी राहिले. कंबर आत घेतली, डावा हात खाली सोडला, भार दोन्ही पायांवर सारखा दिला.

ती उठली.

त्यानंतर मी पुन्हा तशी उभी राहिलेले नाही.