तामणाची पाटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

स्वातंत्र्याला पंच्याहत्तर वर्षं झाली तेव्हा डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत झाडं लावायची ठरली. पंच्याहत्तर लावायची होती. कंपाउंडात जागा निघाली पंधराची. सगळी तामणाची, एकाच उंचीची. ज्याचं रोप त्याच्या नावाची कोरलेली पाटी. मी कमिटीची सेक्रेटरी. रोपं कशी जपायची यावर भाषण कुणी ठोकलं? मीच!

माझ्या शेजारचं रोप फिलोमिना आँटीचं. पाटीवर तिच्या गेलेल्या नवऱ्याचं नाव — जोसेफ. तिला मोतीबिंदू, म्हणून ती अक्षरं बोटांनी चाचपायची आणि मग पाणी घालायची.

आमच्याकडे नळाला पाणी सकाळी तासभर. लादी पुसलेलं पाणी फुकट कशाला घालवा, म्हणून मी ते माझ्या रोपाला ओतायचे. फिनेलचं पाणी! तेव्हा डोक्यात आलंच नाही — की आलं होतं आणि मी कंटाळा केला? महिनाभरात रोप जळालं.

आणि दुसऱ्याच दिवशी वॉर्डातून माणसं पाहणीला येणार, फोटो काढणार. सेक्रेटरीचंच रोप मेलेलं? भर दुपारी, खाली कुणी नसताना, मी गेले आणि — हो, सांगते — पाट्या बदलल्या. माझी तिच्या हिरव्या रोपाला, जोसेफची माझ्या काटकीला.

फोटोत मी छान हसतेय.

आँटी पुढे दोन महिने त्या काटकीला पाणी घालत राहिली. मला विचारायची, "सुजा, मी पाणी जास्त घातलं काय गं?" मी म्हणायचे, "होतं असं, आँटी." जीभ कशी झडली नाही माझी!

यंदा 'माझ्या' झाडाला जांभळी फुलं आली. कुणी खाली उभं राहून नुसतं वर बघितलं तरी मला घाम फुटतो. कळलं की काय?

मागच्या आठवड्यात आँटीने दार वाजवलं. धापा टाकत होती. गॅलरीत वर्षानुवर्षं जपलेल्या पाच कुंड्या तिने एकेक करून माझ्या दाराशी आणल्या होत्या.

"तुझा हात लागला की झाड जगतं," ती म्हणाली. "माझ्या हाताने जोसेफचं मेलं. ही पण मरतील गं. तू ठेव."

मी पाचही कुंड्या आत घेतल्या.