दोन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड

चहाचा कप आधी खाली ठेवा. हसताना अंगावर सांडला, तर पुन्हा मलाच बोल लावाल! कारण हा पराक्रम मी एकांतात नाही केला. भर सासुरवाडीत केला, आणि तोही अख्ख्या गावासमोर.

दोन हजार बाराच्या आसपासची गोष्ट. सडक अर्जुनीला माझा कॉम्प्युटर क्लास होता. क्लास कसला, पोरांना टायपिंग शिकवायचं आणि हायवेवरच्या ढाबेवाल्यांना जेवणाच्या भावाचे फलक छापून द्यायचे. पण दवनीवाड्याला, माझ्या सासुरवाडीत, माझी कीर्ती अशी, की जणू कॉम्प्युटर मीच जन्माला घातला!

माझा साळा दिनेश. त्याला गाड्यांच्या शर्यतीचं वेड. गेम खेळायला त्याला दणकट कॉम्प्युटर हवा होता. सासरे धानाचे मोठे शेतकरी. त्यांनी एकच अट घातली.

"जवाईबापू, आपला ट्रॅक्टर कसा टिकून राह्यला, तसा टिकला पायजे. दरसाली बदलाची भानगड नाई."

"मामाजी, मी आहे ना! टिकण्याचं सगळं ग्राफिक्स कार्डावर असते. कार्ड दमदार, तर कॉम्प्युटर दमदार."

"राशन कार्ड हाय, मतदानाचं कार्ड हाय. आता हे कोनतं?"

"पडद्यावर चित्र काढते ते."

गेलो गोंदियाला. बाकीचा कॉम्प्युटर ठरला, तशी दुकानदाराने काउंटरवर कार्डं मांडली. "भैया, कौनसा दूँ?"

खरं सांगू? मला त्यातलं काडीचं कळत नव्हतं. पण मागे सासरे उभे, साळा उभा. विचारायचं कोणत्या तोंडाने? मी एकेक कार्ड हातात घेऊन गंभीर चेहऱ्याने त्याचं वजन बघू लागलो. त्यात एका कार्डाला दोन पंखे दिसले. बस्स!

सासऱ्यांनीही बैलाच्या पाठीवर मारावी तशी त्या कार्डाच्या डब्यावर थाप मारली. "हेच घ्या. दोन पंखे हायेत, तापनार नाई."

घरी आल्यावर सासूबाईंनी कार्डाला लांबूनच ओवाळलं. मी ते कॉम्प्युटरच्या डब्यात बसवलं, झाकण लावलं, मागच्या वायरी खोचल्या, बटण दाबलं. आतले दोन्ही पंखे गरगर! पडद्यावर चित्र! दिनेशने गेम लावला.

आणि गाडी? चिखलात रुतलेली बैलबंडी बघा. थोडी पुढे, थांब. थोडी पुढे, थांब.

"जिजाजी, हे काऊन अटकून राह्यलं?"

आता शहाण्या माणसाने काय म्हणावं? 'बघतो रे बाबा.' पण सासरे माझ्याकडेच पाहत होते ना!

"दिनेश," मी म्हणालो, "नवा ट्रॅक्टर आणला की पहिल्याच दिवशी कोणी चिखलणीला घालते का? आधी इंजिन मोकळं व्हावं लागते. कार्डाचंही तसंच. काही दिवस हलकं काम द्या."

ही थाप मी मारली, आणि सासऱ्यांना ती अशी पटली, अशी पटली, की घरात कार्ड मोकळं करायची मोहीमच निघाली! सकाळी दिनेश कॉम्प्युटरवर पत्ते खेळे. दुपारी सासूबाई. संध्याकाळी स्वतः सासरे, नांगराच्या मुठीसारखा माउस आवळून. दिनेशने जरा जोरात बटण दाबलं की सासरे ओरडत, "हलू! हलू! नवं हाय ते!"

शेजाऱ्यांकडे नवा टीव्ही आला, तर त्यांनी सासऱ्यांचा सल्ला घेतला आणि सुरुवातीला नुसत्या बातम्या पाहिल्या. एकदम सिनेमाचा भार नको म्हणून!

शेवटी सासऱ्यांनी जाहीर केलं, की कार्ड मोकळं झालं. रविवारी गावाला आमंत्रण. माजी सरपंचांना खुर्ची, बाकीच्यांना सतरंजी, सगळ्यांना भजी. मला मानाचं बोलावणं. दिनेशने शर्यत सुरू केली.

गाडी थोडी पुढे. थांब.

"याच्यापक्षा माही सायकल बरी," मागून कोणीतरी म्हणालं.

सासऱ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या अंगात आलं! "दुकानदाराने फसवलं! कार्डच खराब आहे!" असं गर्जून मी कॉम्प्युटर बंद केला, झाकण काढलं, कार्ड उपसलं आणि हात उंच करून सगळ्यांना दाखवलं.

इथे थांबलो असतो तर वाचलो असतो हो! पण थांबेल तो जावई कसला? मी भाषण ठोकलं, "आता कार्डाचं महत्त्व पाहा. खराब असलं तरी तेच चित्र काढत होतं. आता पडद्यावर टिंबसुद्धा येणार नाही. दिनेश, कर चालू!"

दिनेशने चालू केला.

टिंब आलं. चित्र आलं. गेम आला. गाडी निघाली, थोडी पुढे, थांब. अगदी पहिल्यासारखीच!

सासऱ्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"जवाईबापू, कार्ड तर तुमच्या हाती हाय. मंग हे चित्र कोन काढून राह्यलं?"

मी कार्डाचा एक पंखा बोटाने फिरवून पाहिला. सासूबाईंनी माझ्या हातून कार्ड घेतलं, उलटंपालटं केलं. "अवो, याच्या तोंडाचं बूच तर काढलंच नाई!"

पडद्याची वायर कार्डाला जिथे लावायची, तिथे कारखान्यातून आलेलं बूच जसंच्या तसं! कॉम्प्युटरची स्वतःचीही चित्र दाखवायची एक कामचलाऊ सोय असते. मी वायर तिच्या भोकात खोचून मोकळा झालो होतो. इतके दिवस ते दमदार कार्ड आत बसून नुसती हवा खात होतं!

दिनेशने बूच काढलं, कार्ड पुन्हा बसवलं, वायर त्यात लावली. आणि गाडी जी सुटली म्हणता! पहिल्याच वळणावर माजी सरपंच खुर्चीसकट डावीकडे कलले. सतरंजीवरून शिट्ट्या. दिनेश तर उभा राहूनच चालवू लागला.

आता तरी मी गप्प बसावं की नाही? पण नाही! सासऱ्यांच्या जवळ सरकून म्हणालो, "एका अर्थी बरंच झालं, मामाजी. इतके दिवस वापरलंच नाही, म्हणजे कार्ड नवंकोरं राहिलं. आता आणखीच टिकेल."

सासऱ्यांनी भज्यांची ताटली माझ्यापुढे केली आणि मोठ्या अदबीने म्हणाले,

"मंग तर जवाईबापू, तुमचं डोस्कं लय वर्सं टिकन."