पंचापकेशरावांचा न बांधलेला वैमानिक

“त्या बाहुलीला सुतळी लावाल तर हात मोडून ठेवीन, जांवई.”

कापणी झालेल्या शेतात उभे राहून माझे सासरे पंचापकेशराव इतक्या जोरात ओरडत होते, की तिकडे पापनाशमच्या स्टेशनात उभी असलेली गाडी शिट्टी झाली समजून सुटली असेल. माझ्या हातात सुतळी होती. समोर त्यांनी स्वतः घडवलेलं रेडिओवर चालणारं विमान होतं: तीन चाकांची छोटी गाडी, तिच्या डोक्यावर पतंगासारखा त्रिकोणी पंख, मागे इंजिन, आणि खुर्चीत वैमानिक म्हणून पगडीवाली तंजावरची बाहुली. तळाला मातीचा गोळा असलेली, ढकलली तरी उठून बसणारी. ती बांधा, एवढंच माझं म्हणणं होतं.

“आमच्या बाहुलीस बांधत नसतात,” ते म्हणाले. “तंजावरचं उठून बसतं. पडतं तें पुण्याचं.”

हे वाक्य मी रोज जेवणाआधी आणि जेवणानंतर ऐकत असे, औषधासारखं. मात्र शिवी देतानाही त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नाही. “तुम्ही गाढव आहांत,” असं म्हणत आणि माझ्या भातावर तूप वाढत. जावयाचा मान राहिलाच पाहिजे. त्यांच्या घराण्यानं मराठी तंजावरला आणली ती राजांच्या वेळी, आणि तेव्हापासून तिला तमिळची फोडणी देत जपून ठेवली. माझी मराठी ही त्यांच्या मते मागाहून नासलेली भाषा. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती, पण माझ्या बोलण्यातल्या चुका ते हटकून काढत.

पुण्याची कंपनी बंद पडली आणि मी घरजावई झालो. म्हणजे सकाळी डोळे उघडल्यापासून सासऱ्याचा भात. त्या वर्षांत कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवत होते. मलाही मंजुरी मिळाली. हवी होती फक्त रस्त्याकडची खोली. तेवढी मिळाली की स्वतःच्या कमाईचं जेवायला मी मोकळा. पण त्या खोलीत पंख राहत होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. घर त्याचं, आम्ही भाडेकरू.

शेवटी माझ्या बायकोनं, मंगळेनं, निवाडा केला. विमान उडालं तर खोली बाबांची, नाही उडालं तर टेलिफोनची.

“शरी,” सासरे म्हणाले. म्हणजे तमिळमध्ये कबूल.

त्यांनी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढले होते. पाणी खालीच जातं याचा त्यांना कंटाळा आला असावा. गावात केबल आली आणि लोकांनी गच्चीवरचे अँटेना उपटून फेकले. त्या नळ्यांचा त्यांनी सांगाडा केला. त्यावर छत्र्यांचं कापड शिवलं. गल्लीतल्या एका घरात छत्री शिल्लक राहिली नाही. वीणा करणाऱ्याकडून फणसाचं लाकूड आणून इंजिनाचा पंखा कोरला. तो फिरू लागला की शेजारचे संगीत मास्तर खिडकीतून डोकं काढून सांगत, “राव, अर्धा स्वर उतरलाय.” मग हे कानशीनं घासून तो सुरात आणत. इंजिन आणि रेडिओ त्यांच्या भाच्यानं सिंगापूरहून आणला. त्याचे आभार म्हणून ते दिवसभर त्याला नालायक म्हणत होते.

या विमानाला सुकाणू नसतं. पंखाखाली लोंबणारं वजन डावीकडे गेलं की ते डावीकडे वळतं, उजवीकडे गेलं की उजवीकडे. एवढं मलाही कळलं होतं. म्हणून तर सुतळी.

सुतळी त्यांनी कालव्यात फेकली आणि इंजिन चालू केलं. विमान धावलं, उचललं गेलं आणि नारळांच्या वर गेलं. मला खोली हातातून जाताना दिसत होती. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. बाहुली डावीकडे झुकली, विमान डावीकडे. सासऱ्यांनी रेडिओवरची काडी उजवीकडे ओढली, बाहुली मान डोलवत उजवीकडे कलंडली आणि विमानानं गिरकी घेतली. रेडिओ सासऱ्यांच्या हातात, विमान बाहुलीच्या ताब्यात. तिनं थोडा विचार केला आणि तिरुवैयारूची वाट धरली.

मी मोपेड काढली. मागे सासरे, हातात रेडिओ, त्याची लांब अँटेना माझ्या कानाशी.

“तुम्ही मोपेड चालवतां की बैल धुतां?”

“मामंजी, सांगाल तिकडे जात नाही त्याला उडणं म्हणत नाहीत.”

“तुम्ही तरी सांगतों तिकडे कुठं जातां? तरी तुम्हांस जांवई म्हणतातच कीं.”

एका गावाबाहेर पंख माडाला लटकलेला दिसला. गाडी चिपाडासारखी मोडून बांधावर पडली होती. आणि बाहुली उडदाच्या शेतात ताठ बसून आम्हाला मान डोलावत होती. शेजारी एक बाई तण काढत होती. सासऱ्यांनी तिला तमिळमध्ये दरडावून विचारलं, “हे उडत आलं की पडत आलं? नीट सांग, यांची खोली अडकली आहे.”

बाईनं माडाकडे पाहिलं, मग आमच्या पायांकडे. “आलं,” ती म्हणाली. “उडीद तुडवू नका.”

मंगळेनं तेवढ्यावर खोली बाबांना दिली. मी समोरच्या गल्लीत दुसऱ्याच्या बूथवर नोकरीला लागलो. रोज संध्याकाळी परत आलो की ते खिडकीतून विचारत, “काय, लागला का पुण्याचा फोन?” आणि दुसऱ्या पंखाला टाके घालत बसत.

तो पंख काही उडाला नाही. शेवटच्या दुखण्यात त्यांची खाट त्याच खोलीत होती. वर पंख टांगलेला, खिडकीत बाहुली. मी पेज भरवत होतो आणि ती पातळ झाली म्हणून ते मला, तुम्ही अजून गाढव आहांत, असं सांगत होते. मग मी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं. “मामंजी, बाहुली बांधली असती तर विमान आज घरात असतं. का नाही बांधलीत?”

त्यांनी पेज गिळली.

“तुम्हांस बांधलं होतं,” ते म्हणाले. “तुम्ही कुठं उडालांत?”