पहिलं कोण रडंल?

"बोला, कोण रडतंय?"

फोन उचलल्यावर माणसं 'हॅलो' म्हणतात. आमच्या बाई असं म्हणायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी घरच्या भांडणात फोन लागला. मी गडबडून ठेवून दिला. दोन मिनिटांत बाई माझ्या केबिनच्या दारात उभ्या. "सर, फोन करून लगेच ठिवलासा? रडायचं तर नीट रडा की!"

बाई मुरगूडच्या, चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या. कागलपर्यंत स्कूटी, पुढे एसटी, आणि बरोबर नऊला हजर. आमच्या भागातल्या बायका पुरुषांसारखं 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात, तशा त्याही म्हणायच्या. पुण्याहून आलेले नवे डॉक्टर ते ऐकून दचकायचे. मला त्यांनी दिलेले धक्के वेगळे आहेत. ते सांगायलाच बसलोय.

मी कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलचा प्रशासन अधिकारी. नियमाचा माणूस. क्रमांक एक आधी, क्रमांक दोन नंतर, हे मला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. बाईंचं काम होतं संगणकांची राखण. दर तीन महिन्यांनी एक प्रोग्रॅम सगळे संगणक तपासतो आणि चोराला आत शिरता येईल अशा जागांची यादी देतो. प्रत्येक भोकाला दहापैकी गुण. जितके गुण जास्त, तितका धोका मोठा. सगळी भोकं एकदम बुजवता येत नाहीत. तुम्ही घराची डागडुजी काढली असेल तर तुम्हाला हे ठाऊक असेल. आधी कुठलं बुजवायचं, हे बाईंनी ठरवायचं.

पहिला अहवाल आला तो तीनशेवर नोंदींचा. मी म्हटलं, करा सुरुवात पहिल्यापासून. बाईंनी तो माझ्या टेबलावर पालथा घातला आणि वॉर्डात फिरायला निघून गेल्या. फार्मसी, लॅब, स्वयंपाकघर, जिथं संगणक तिथं बाई. आणि प्रत्येकाला एकच प्रश्न : "हे बंद पडलं तर पहिलं कोण रडंल?"

मी भडकलो. "मॅडम, अहवालात क्रम छापून दिलाय!"

"सर, त्यो मशीननं दिलाय. मशीनला भोक दिसतंय. भोकाच्या पल्याड माणूस झोपलाय का झाडू ठिवलाय, ते त्येला काय म्हाईत?"

उत्तर नसलं की मला जास्त राग येतो.

त्यानंतरचा प्रसंग कँटीनमधला. भर दुपारी, जेवणाच्या गर्दीत बाई बाकावर चढल्या आणि ओरडल्या, "जोतिबाच्या नावानं..." दीडशे माणसांनी हातातला घास टाकून गर्जना केली, "चांगभलं!" बाईंच्या घरी तीन पिढ्यांपासून बौद्ध धर्म, त्यामुळे ही भक्ती कुठून उगवली म्हणून मी बघतच राहिलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "झालं? तुमच्यातल्या निम्म्यांचा पासवर्ड हाच हाय. म्होरं एक-दोन-तीन. आत्ता भर कँटीनात वरडून सांगितलासा."

कुणाच्या तरी हातातून चमचा पडला. त्या मोठ्या अहवालात ही गोष्ट कुठेच नव्हती. संध्याकाळपर्यंत सगळे पासवर्ड बदलले गेले. माझाही.

आता ज्यासाठी हे लिहितोय त्या गोष्टीकडे येतो. टाळत होतो, खरं सांगायचं तर.

गेल्या वर्षी हॉस्पिटलला मान्यता देणारं तपासणीचं पथक यायचं होतं. अहवालात पहिला क्रमांक होता तळमजल्यावरच्या मोठ्या पडद्याचा. डॉक्टरांची नावं आणि 'आपले स्वागत आहे' दाखवतो तो. दहापैकी नऊ पूर्णांक आठ गुण. आणि दोनशे बाराव्या क्रमांकावर, मध्यम धोका म्हणून, रक्तपेढीतला जुना संगणक. रक्ताची कुठली पिशवी कुठल्या गटाची, कुठल्या कप्प्यात, तपासलेली की नाही, सगळं त्याच्यात. तिथल्या यंत्राच्या कंपनीचा माणूस घरी बसून दुरुस्ती करायचा आणि त्यासाठी त्यानं बाहेरून आत यायची एक वाट उघडी ठेवली होती. ती बंद करायला दोन तास काम थांबवावं लागणार होतं. शनिवारी तेवढीच सवड होती. पडदा किंवा रक्तपेढी, एकच काम होणार होतं.

"रक्तपेढी आधी," बाई म्हणाल्या. "पडदा बंद पडला तर कोण रडंल? न्हाईच कोण. लोक एकमेकाला इचारून जातील."

"पथक पहिले दहा क्रमांक बघतं मॅडम. दोनशे बारावा नाही."

"सर, ती वाट उघडी हाय."

"इतकी वर्षं उघडीच आहे. सोमवारी करा."

त्या हलेनात. शेवटी मी अहवालाचं पहिलं पान ओढलं, लाल पेनानं लिहिलं, 'अहवालातील क्रमानेच काम करावे', आणि खाली सही ठोकली. बाईंनी पान घडी करून पर्समध्ये ठेवलं. पडद्याचं काम शनिवारी चोख झालं. काम थांबवायची परवानगी मी दिली नव्हती, म्हणून रविवारी सुट्टी सोडून त्या रक्तपेढीत आल्या आणि तिथल्या अक्कांना म्हणाल्या, "सगळ्या पिशव्या वहीत उतरवू." अक्का निपाणीकडच्या, वीस वर्षं रक्तपेढीत. दोघी दिवसभर फ्रिज उघडून, पिशवी पिशवी बघून लिहीत बसल्या. हे मला नंतर कळलं.

सोमवारी सकाळी अकराला रक्तपेढीचा संगणक लाल झाला. तुमची सगळी माहिती कुलूपबंद केली आहे, असं इंग्रजीत लिहिलेलं. चोर त्याच वाटेनं आला होता. बाईंनी धावत जाऊन भिंतीतली वायर उपटली म्हणून तो पुढे पसरला नाही.

त्याच वेळी वरच्या मजल्यावर कागलजवळच्या एका खेड्यातली बाळंतीण होती. रक्त थांबत नव्हतं. सहसा न मिळणारा गट. नर्स पायऱ्या उतरून आली आणि विचारलं, आहे का? मी दारात उभा. संगणकावर लाल पडद्याशिवाय काही नाही. तेवढ्यात अक्कांनी वही उघडली, बोट फिरवलं. "तिसरा कप्पा, डावीकडं, दोन पिशव्या." नमुना जुळवला आणि रक्त वर गेलं.

ती बाळंतीण वाचली. मुलगी झाली होती. तिच्या सासूनं मलाच पेढा दिला. साहेब वाटलो ना मी. तो मी खाल्ला, याचा धक्का मला अजून बसतो.

चौकशी झाली. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "रक्तपेढी मागे ठेवायचं कुणी ठरवलं?" माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. बाई आधी बोलल्या. "क्रम लावायचं काम माझं हाय. चूक माझी."

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. बाईंनी आवाज खाली आणला. त्यांचा तसा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "सर, तुमची नोकरी गेली तर पहिलं कोण रडंल? वैनींचं डायलिसिस हितंच चालतंय, तुमच्या नोकरीवर. माझं काय, मी जातो कुठंबी. मला चार ठिकाणी बोलवत्यात."

तुम्ही म्हणाल, मी तेव्हा आत जाऊन खरं सांगितलं असेल. नाही सांगितलं. घरी गेलो, बायकोच्या सुया टोचून सुजलेल्या हाताला मलम लावलं आणि गप्प बसलो. त्या शुक्रवारी बाई नोकरी सोडून गेल्या. टेबलावर एक स्टीलचा डबा राहिला होता, तोही कुणीतरी पोचवला.

सहा महिने गेले. बाईंची जागा रिकामी होती म्हणून मधला अहवाल तसाच पडून राहिला, आता पुढचा आला. बाईंच्या जागी आलेल्या नव्या मुलानं विचारलं, "सर, सुरुवात कुठून करू?" तोंडावर आलं होतं, पहिल्यापासून. पण पाय रक्तपेढीकडे वळले. अक्कांना म्हटलं, ती वही दाखवा.

अक्कांनी वही पुढे केली. पुठ्ठा उलटला आणि मी हादरलो. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून, माझं पान होतं. लाल अक्षर. माझी सही. आता अक्का रोज त्या वहीत लिहितात, आणि रक्तपेढीतल्या सहाही जणांनी ते रोज पाहिलेलं. सहा महिने तीच माणसं मला सकाळी "नमस्कार सर" म्हणत होती.

"अक्का, हे वर कुणाला का दाखवलं नाही?"

"मॅडमनी बजावलंतं. म्हणल्या, फाडायचं न्हाई आनि वर दावायचंबी न्हाई. सर सोताहून वही मागाय येतील, तवा त्यांच्या हातात द्या."

"आणि मी आलोच नसतो तर?"

अक्का चिकटपट्टी नखानं सोडवत होत्या. "मी बी त्येच म्हणलं. तर म्हणल्या, येतील की."

पान घेतलं आणि वर निघालो. वाटेत तळमजल्यावर तो पडदा लखलखत होता. मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर पान ठेवलं आणि बसा म्हणायची वाट न बघता सगळं सांगितलं. त्यांनी पान दोनदा वाचलं आणि ठेवून घेतलं. माझं काय करायचं ते पुढच्या आठवड्यात ठरणार आहे. बायकोला सांगून झालंय. ती म्हणाली, आधी त्या बाईंना फोन करा.

जिन्याच्या कोपऱ्यात उभं राहून केला. तीन रिंगा वाजल्या. काय बोलायचं ते सगळं मनात जुळवलं होतं, त्यातला एक शब्द बाहेर येईना. नाक तेवढं वाहत होतं.

पलीकडून तोच आवाज आला, तळमजल्यापर्यंत ऐकू जाणारा.

"बोला, कोण रडतंय?"