न धुतलेली बरणी

सिल्व्हर पार्कात आमच्या समोरच्याच घरात राहायचे ते. नोकरी प्रयोगशाळेत. लिफ्टमध्ये शिरले की अंगाला व्हिनेगरचा वास, आणि काहीही सांगायचं असलं तरी सुरुवात ठरलेली, "म्हणजे बघा वहिनी."

त्यांच्या बंद बाटल्यांत हवेशिवाय वाढणारे जिवाणू होते. ते साखर आंबवून अ‍ॅसिटेट बनवायचे, म्हणजे व्हिनेगरमधला आंबटपणा, आणि त्यासाठी त्यांना कणभर व्हिटॅमिन लागायचं.

"म्हणजे बघा वहिनी, व्हिटॅमिन बंद केलं तरी पहिल्या बाटलीत काही कळत नाही. मागच्या बाटलीतला थेंब नव्या बाटलीत टाकतो ना, त्याच्याबरोबर थोडं आलेलं असतं, त्यावर मजेत वाढतात. पुढच्या बाटलीत मंदावतात. मग थांबतात."

शेवटचं वाक्य ते इतकं हळू बोलायचे की लिफ्टच्या घरघरीत हरवायचं.

त्यांच्या बायकोने उन्हाळ्यात केबिन रोडवरच्या गिरणीतून वर्षाचा मसाला कुटून आणला आणि त्याच पावसाळ्यात ती गेली. तरी ते वेळेवर कामाला जात, संध्याकाळी आमटी करत. वास अगदी तिच्या हातचा. सगळे म्हणाले, सावरले बुवा. मलाही तसंच वाटलं.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर तो वास येईनासा झाला. मी आमच्यातला मसाला घेऊन गेले. ओट्यावर तिची बरणी रिकामी होती. त्यातच ओतायला लागले, तर त्यांनी बरणीच्या तोंडावर तळहात ठेवला.

"त्यात नको वहिनी," ते म्हणाले. "अजून धुतली नाहीये."